डबस्टेप आणि प्रयोगशील बेस: नव्यातलं काय ऐकायचं? (गोव्यातली मंडळी, या इकडे)

मांडवीपार
नमस्कार मंडळी. म्हापशाला एका मित्राचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, रविवारी बंद असतं. महिन्यातून एकदा दुपारी आम्ही काही जण तिथे जमतो आणि कुणीतरी निवडून आणलेलं संगीत दोन तास सलग ऐकतो. या खेपेची निवड माझ्याकडे आली आहे. विषय: डबस्टेप, म्हणजे खोल बेसवर, अगदी खालच्या सुरांवर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि त्याच्या आजूबाजूचं प्रयोगशील बेस संगीत. अट एकच, २०२२ पासून पुढे आलेलंच वाजवायचं. जुनं सगळ्यांना तोंडपाठ आहे.

डबस्टेपचा जमाना गेला असं म्हणणारे अधूनमधून भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. उलट गेल्या काही वर्षांत या संगीताला जी मोकळीक आली आहे ती मधल्या काळात नव्हती. आत्तापर्यंत तीन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. बरिअल या लंडनच्या निर्मात्याचं फेब्रुवारी २०२४ मधलं ‘ड्रीमफिअर / बॉय सेंट फ्रॉम अबव्ह’, दोन्ही तुकडे तेराएक मिनिटांचे. स्क्रिलेक्स या अमेरिकन निर्मात्याचा १ एप्रिल २०२५ ला आलेला लांबलचक नावाचा अल्बम. आणि वेराको या कोलंबियन निर्मात्याचं ‘ब्रीद... गॉडस्पीड’, २०२४, ब्रिस्टलच्या टाइमडान्स या लेबलवरचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं.

अजून काय घेऊ? आणि का, तेही लिहा. नुसत्या लिंका नकोत.

सबवाला साखळी
पहिल्या तीनात स्क्रिलेक्स? बैठक म्हापशात आहे की लास व्हेगासला?

पेडण्याची पोर
साखळीकर, अल्बम ऐकलाय का तुम्ही? चौतीस तुकडे, सगळे एकमेकांत मिसळलेले, पाऊण तासात खेळ खलास. एखादी कल्पना अर्ध्या मिनिटात येते आणि पुढची तिला ढकलून जागा घेते. त्याच कल्पना ताणून दुसऱ्या कुणी चार अल्बम काढले असते. मी स्वतः ट्रॅक बनवते म्हणून सांगते, एवढं टाकून द्यायला धाडस लागतं. २०१० चा स्क्रिलेक्स डोक्यात ठेवून हा ऐकू नका.

सबवाला साखळी
ऐकलाय. कारागिरी मान्य आहे, ती कुणी नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी. डबस्टेप जन्मला दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती. स्क्रीम, बेंगा, हॅचा ही त्या दुकानातली पोरं. मग २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा या निर्मात्यांनी लंडनमधल्याच ब्रिक्स्टनला डीएमझेड नावाच्या संगीताच्या रात्री सुरू केल्या, एका चर्चच्या इमारतीत. बोलावणंच असं असायचं की या आणि बेसच्या वजनावर ध्यान लावा. अंधार, मोठी सिस्टिम, आणि दोन ठोक्यांमधली रिकामी जागा. ती जागा हाच या संगीताचा जीव. स्क्रिलेक्स आणि त्याच्यामागून आलेल्या अमेरिकन मंडळींनी ती बुजवून टाकली. एकही क्षण मोकळा नाही, सारखी गुरगुर.

रात्रपाळी
साखळीकरांशी निम्मं सहमत. पण ‘रंबल’ ऐका. जानेवारी २०२३. स्क्रिलेक्स, फ्रेड अगेन आणि फ्लोडॅन. त्यात जागाच जागा आहे! एक खालचा सूर, एक आवाज, मधे जवळजवळ काही नाही. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. फ्लोडॅन हा लंडनच्या ग्राइममधला (तिथल्या रॅपचा एक प्रकार) जुना माणूस, द बग या निर्मात्याच्या २००८ च्या ‘लंडन झू’ अल्बमवर गाजलेला. तो आवाज पंधरा वर्षं तिथेच होता. जगाने मान वळवून बघायला उशीर लावला एवढंच.

बरिअलबद्दल मात्र मांडवीपार यांना सुचवेन की २०२४ चं ठेवा, पण जानेवारी २०२२ चं ‘अँटीडॉन’ही घ्या. त्यात ढोलताल जवळपास नाहीच. पाच तुकडे, पाऊण तासाच्या आतबाहेर. रेकॉर्डची चरचर, खोकला, लांबून येणारं कुणाचं तरी अर्धं वाक्य. मी रुग्णालयात रात्रपाळी करते. पहाटे वॉर्ड शांत झाल्यावर एका कानात लावते, दुसरा कान कामासाठी मोकळा. या संगीताला नाचायची जागा लागतेच असं नाही, हे मला त्यातून कळलं.

जुनाट ट्रान्स
मी हणजूणचा. नव्वदच्या दशकात आमच्या शेताच्या बांधापलीकडे रात्रभर ट्रान्स हे नाचाचं संगीत चालायचं आणि सकाळी आम्ही शाळेत जायचो. मला हे तुमचं डबस्टेप नेहमी संथ वाटत आलं. पोरं म्हणतात वेग मिनिटाला १४० मात्रा. ट्रान्सही १४०-१४५. मग हे अर्ध्या चालीने का चालल्यासारखं वाटतं?

पेडण्याची पोर
ट्रान्सबाब, प्रश्न एकदम मुद्द्याचा. घड्याळ तेच, पाऊल वेगळं. ट्रान्समध्ये प्रत्येक मात्रेला किक (ड्रमचा खालचा ठोका) पडते आणि मधल्या जागेत बेसचे बारीक ठोके भरलेले असतात. डबस्टेपमध्ये किक पहिल्या मात्रेवर आणि स्नेअर (कडक ठोका) थेट तिसऱ्यावर. म्हणून शरीर ७० ने डुलतं, आणि वरची हाय-हॅट (झांज) मात्र १४० ने धावत असते. दोन्ही वेग एकाच वेळी चालू असतात, कुठला धरायचा ते तुम्ही ठरवायचं. हमदीचं ‘स्कांका’ ऐका, २०२२ चं. तुम्हाला हमखास आवडेल. त्यात उड्या मारायला वाव आहे.

जुनाट ट्रान्स
ऐकलं. दोनदा ऐकलं. बरं आहे की!

घुमटकार
हा धागा वाचून राहवलं नाही. मी फोंड्याकडचा, गणेश चवथीत आरतीला घुमट वाजवतो. इंग्लंडमधल्या नावांतलं मला फार कळत नाही, भाचा ऐकवतो तेवढंच. पण साखळीकर ज्या रिकाम्या जागेबद्दल बोलतात ती मला ओळखीची आहे.

घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं, धाकटं तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर पडतो आणि डावा तळवा धाकट्या तोंडावर उघडझाप करतो. तळवा जसजसा झाकत न्याल तसा नाद खाली घसरतो आणि गोल होतो. सगळा खेळ त्या डाव्या हाताचा. नवशिका उजव्या हाताने खूप बडवतो, डावा विसरतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. चामडं बदललं तसा नाद थोडा बदलला हे खरं, पण डावा हात तोच.

भाच्याने मालाचं काहीतरी लावलं होतं. बेसचा सूर वाकत वाकत खाली गेला तेव्हा माझा डावा तळवा आपोआप हलला.

पेडण्याची पोर
घुमटकारबाब, हे वाचून काटा आला अंगावर. आम्ही संगणकावर तेच करतो. सूर लावायचा आणि एका फिल्टरने त्याचं तोंड उघडझाप करायचं. फक्त आमच्याकडे तळव्याऐवजी माउस.

पुण्याहून आलेला
न्यूक्लिया या आपल्याकडच्या बेसवाल्याचं नाव कुणीच कसं काढलं नाही? २०१५ चा ‘बास रानी’ त्याने फुकट डाउनलोडला ठेवला होता. आमच्या कॉलेजात बेस म्हणजे काय हे अर्ध्या पोरांना त्यानेच शिकवलं. ताशा, बँडबाजा, गल्लीतला गोंगाट, सगळं त्यात.

मांडवीपार
न्यूक्लियाचा मान मोठाच आहे. पण अट २०२२ पासूनची, त्यामुळे ‘बास रानी’ बसत नाही.

काणकोणकर
मी पाळोळ्याचा. आमच्याकडे किनाऱ्यावर हेडफोन लावून पार्ट्या होतात. बाहेरच्याला फक्त लाटा आणि पायांची खसखस ऐकू येते. ट्रान्स, हाउस, सगळं त्यात चालतं. पण एकदा कुणीतरी खोल डबस्टेप लावलं आणि दहा मिनिटांत लोक हेडफोन काढून शहाळी प्यायला गेले. कानात सूर होता, छातीत काही नव्हतं. मांडवीपार, तुमची यादी नंतर. आधी सांगा, वर्कशॉपमध्ये वाजवणार कशावर?

मांडवीपार
मित्राकडे दोन मोठे मॉनिटर स्पीकर आहेत, आणि एका साउंडवाल्याकडून अठरा इंची बेसचं एक खोकं भाड्याने आणणार आहोत. खोली साधारण अकरा मीटर बाय सहा, वर पत्रे.

सुतारपुत्र
पत्रे! आता मी बोलतो, हा माझा प्रांत.

वडिलांचा धंदा सुतारकीचा, मी गेली काही वर्षं स्पीकरची खोकी बांधतो. तीन गोष्टी लिहून घ्या.

पहिली, पत्रे. चाळीस-पन्नास हर्ट्झ वाजला की पत्रा सगळ्यात आधी गायला लागतो, आणि त्याचा खुळखुळाट त्याच्या मनाचा असतो. आदल्या दिवशी बेस हळू वाजवून एकाने शिडीवर चढायचं आणि हात लावत लावत कुठला बोल्ट सैल आहे ते शोधायचं. बोल्टखाली रबराचा वायसर घाला. ट्यूबलाइटची पट्टी आणि खिडकीची काचही तपासा. वर्कशॉप आहे म्हणजे भिंतीला टांगलेली हत्यारं असणार, ती उतरवून गोणपाटावर ठेवा.

दुसरी, खुर्च्या. चाळीस हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. भिंतीपासून तिच्या पावपट अंतरावर, म्हणजे दोन मीटरच्या जरा पुढे, भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला खाऊन टाकते. तिथे बसलेल्याला नेमका तोच सूर गायब. बेस वाजतोय आणि माणूस म्हणतो बेस कुठाय! तेव्हा खुर्च्या तिथे नकोत. गाणं लावून आधी खोलीभर चालून बघा, कुठे भरतं आणि कुठे ओसरतं ते पायांना कळतं.

तिसरी, खोकं जमिनीवर, कोपऱ्यात किंवा भिंतीला लागून. मधोमध ठेवलंत तर अर्धी ताकद फुकट.

आणि हो, पावसाळ्यात बंद पडून असलेलं भाड्याचं खोकं असेल तर कागदी कोनाला बुरशी आहे का आणि कडेचा फोम भुसभुशीत झालाय का ते पैसे देण्याआधी बघा. आपल्या हवेत प्लायवुडसुद्धा सांध्यात फुगतं. फुगलेल्या सांध्यातून वारा निघतो आणि फुरफुर आवाज येतो, लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच खराब आहे.

सबवाला साखळी
सुतारपुत्राला साष्टांग दंडवत. धाग्याचं सार्थक झालं.

पुण्याहून आलेला
एवढा खटाटोप करायचा तर फाइलही चांगली पाहिजे ना? एमपीथ्रीत बेस जातो म्हणतात.

पेडण्याची पोर
बेस त्यात जात नाही. ३२० ची एमपीथ्री असेल तर निश्चिंत राहा, खालचे सूर तिथे शाबूत असतात. जातात ते छोट्या स्पीकरमुळे. फोनच्या स्पीकरला शंभर हर्ट्झच्या खालचं झेपतच नाही. पण मूळ सूर नसला आणि त्याच्या पटीतले वरचे सूर असले की आपलं डोकं खालचा सूर मनातल्या मनात भरून घेतं. म्हणून आम्ही शुद्ध सबवर, म्हणजे सगळ्यात खालच्या बेसवर, थोडं घासलेपण चढवतो, म्हणजे वरचे सूर तयार होतात आणि फोनवर ऐकणाऱ्यालाही बेसचा भास होतो.

साखळीकरांच्या वादाचं मूळही मला इथेच दिसतं. क्रॉयडनच्या पोरांचं संगीत तीस ते साठ हर्ट्झमध्ये राहायचं, ते फोनवर ऐकलं तर नुसती टिकटिक. २०१० नंतरची गुरगुर मधल्या पट्टीत आहे, ती लॅपटॉपवरसुद्धा दणकते. त्या वर्षांत लोक यूट्यूबवर ऐकायला लागले होते. जे ऐकू येतं ते पसरतं. त्यात स्क्रिलेक्सने कुणाचं काही बिघडवलं असं मला वाटत नाही, ऐकायची साधनं बदलली.

सबवाला साखळी
हा मुद्दा मानला. गुरगुर तरीही आवडत नाही.

शेजारधर्म
तुम्ही सगळे बांधणारे आणि वाजवणारे. मी शिवोलीला, पार्टीच्या जागेच्या दोन घरं पलीकडे राहते, म्हणून माझंही ऐका. मला संगीत नको असं नाही. पण घरात सासू पंच्याऐंशीची, आणि रात्री अकराला देवघरातली तांब्याभांडी आपोआप वाजायला लागतात. तक्रार केली की माणूस मीटर घेऊन येतो, आकडा बघतो आणि म्हणतो, मर्यादेत आहे बाय. हे कसं काय? भिंत थरथरते आणि मीटर म्हणतो शांतता आहे?

सुतारपुत्र
ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापाने. हे माप माणसाच्या कानाला हलक्या आवाजात जसं ऐकू येतं तसं वजन लावतं आणि खालचे सूर जवळजवळ सोडून देतं. पन्नास हर्ट्झला तीस डेसिबल वजा होतात. म्हणजे तुमच्या खिडकीपाशी पन्नास हर्ट्झचा सूर ७५ डेसिबलने थडकत असेल तरी मीटर ४५ दाखवणार. त्यात भिंत वरचे सूर अडवते, खालचे सरळ आत येतात. मीटरवाला खोटं बोलत नाही आणि तुमची भांडीही खोटं बोलत नाहीत.

पण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावायचाच नाही, हा २००० सालच्या नियमांतला भाग वेगळा आहे. त्याला मीटर लागत नाही. सरकारने सवलत दिलेले मोजके सणाचे दिवस सोडले तर रात्री अकराला उघड्यावर वाजतंय एवढंच पुरेसं आहे. तक्रारीत तेवढंच लिहा, डेसिबलच्या वादात पडू नका.

शेजारधर्म
देव बरें करूं. हे इतक्या सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी
शेजारधर्म ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. खोल बेस आवडणाऱ्यांनीच हे आधी सांगायला हवं. ज्या संगीताला शांतता लागते त्याने दुसऱ्याची शांतता खाल्ली तर ते कुणाला आवडणार? रविवारी दुपारी, बंद वर्कशॉपमध्ये, नियमाच्या आत, ही मांडवीपार यांची पद्धत मला म्हणूनच योग्य वाटते. तरी शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. एखादा ऐकायलाही येईल.

काणकोणकर
गाडी परत यादीवर आणूया? द बगचं २०२४ चं ‘मशीन’ घ्या. सगळं वाद्यसंगीत, गायक नाही. आधी पाच भागांत थोडं थोडं काढलं आणि मग एकत्र केलं. जड आहे, हळू आहे, इंजिनच्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटतं. भाड्याच्या अठरा इंचीची परीक्षा तिथेच होईल.

पुण्याहून आलेला
आणि ओव्हरमोनोचा मे २०२३ चा ‘गुड लाइज’. वेल्सचे दोघे भाऊ. शुद्ध डबस्टेप म्हणता येणार नाही, गराज या नाचाच्या संगीताकडे झुकतं, पण बेस ठसठशीत आणि गळ्याचे तुकडे कापून अशा काही जागी बसवलेत की दुसऱ्यांदा ऐकताना आपण गुणगुणायला लागतो. नवख्याला पहिल्यांदा हेच द्यावं.

सबवाला साखळी
मला डीप मेडीचं काहीतरी हवंच. डीएमझेडवाल्या मालाचं लेबल, २००६ पासून चालू, आणि अजून नव्या मुलांना संधी देतं. एका नावावर अडून राहू नका. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर त्यांच्या पानावर गेल्या तीन वर्षांतलं सलग ऐका आणि तुमचं तुम्ही निवडा. आणि विकत घ्या. ही छोटी लेबलं फुकट ऐकण्यावर जगत नाहीत.

जुनाट ट्रान्स
वेराको लावून बघितला. हा तर ट्रान्सच्या रक्ताचा आहे! सिंथ सरसर वर चढतात, खाली मात्र ताल मोडका. हणजूणच्या पोरांना ऐकवायला पाहिजे. मांडवीपार, म्हाताऱ्याला जागा आहे का तुमच्या बैठकीत?

मांडवीपार
ट्रान्सबाब, तुम्ही आलात तर पहिली खुर्ची तुमची. सुतारपुत्राने सांगितलेल्या अंतरावर नाही, चांगल्या जागी.

सगळ्यांचं वाचून क्रम असा लावलाय. सुरुवात ‘गुड लाइज’मधल्या दोन तुकड्यांनी, कान रुळायला. मग ‘स्कांका’, मग ‘रंबल’. त्यानंतर डीप मेडीचे तीन-चार, निवड साखळीकरांनी करून पाठवावी, कारण त्यांच्याइतकं ते कुणी ऐकलेलं नाही. मध्यंतरात चहा. मग ‘मशीन’मधला एक, वेराको पूर्ण, स्क्रिलेक्सच्या अल्बममधली सलग दहा मिनिटं, तुकडे न तोडता. शेवटी ‘अँटीडॉन’चा एक तुकडा आणि त्यावर ‘बॉय सेंट फ्रॉम अबव्ह’. घुमटकारबाब, तुम्ही आणि भाचा दोघेही या. घुमट आणलंत तर मध्यंतरानंतरची दहा मिनिटं तुमची, २०२२ ची अट तुम्हाला लागू नाही.

घुमटकार
येतो. घुमट आणतो. पण शामेळाशिवाय, म्हणजे जोडीच्या तालवाद्याशिवाय, एकटं घुमट ओकंबोकं वाटेल, शामेळ वाजवणारा पुतण्याही सोबत आणला तर चालेल ना? एकूण तिघे होऊ.

सबवाला साखळी
निवड पाठवतो शुक्रवारपर्यंत. क्रमावर एक आक्षेप: ‘मशीन’नंतर लगेच वेराको नको, कान बधिर झालेले असतात. मधे घुमट ठेवा.

रात्रपाळी
माझाही एक. ‘अँटीडॉन’ शेवटाकडे नको. दोन तास बेस खाल्लेल्या माणसाला त्यातली चरचर ऐकूच येणार नाही. ते अगदी पहिलं लावा, लोक अजून दारातून आत येत असतील तेव्हा.

पेडण्याची पोर
रात्रपाळी ताईंना अनुमोदन. आणि आवाजाची पातळी त्याच तुकड्यावर ठरवा, ‘रंबल’वर नाही. म्हणजे पुढचं सगळं आपोआप बेताचं राहील.